बायची एकच हाक

बाय गो,

परवा तुझं वर्षश्राद्ध आहे. दिनूने भटजींना सांगून ठेवलंय, मी चार दिवसांसाठी कणकवलीहून आलेय आणि पडवीत तुझ्याच पाटावर बसून हे लिहितेय. खरं तर श्राद्ध उरकून मी मुकाट्याने परत जाणार होते. वर्षभर जे कुणाला बोलले नाही ते पुढेही बोलले नसते. पण काल दुपारी दिनूच्या लेकीने, तुझ्या मनूने, माझी झोपच उडवली. तुला लिहिण्यावाचून आता गत्यंतर नाही.

आधी भांडून घेते, म्हणजे मोकळी होईन. ती हाकेची शिकवण आम्हा भाचरांना कशाला दिलीस गो?

दिनू, मी आणि काकांची तिघं, आम्हा पाचांनाही ती बोलता यायच्या आधी मिळाली असेल. घरामागे माडांची बाग, बागेच्या टोकाला विहीर, पलीकडे खाडी. खाडीत गिरो राहतो, तो माणसांना नावाने हाका मारून पाण्यात ओढतो. तुझा दम ठरलेला: "एका हाकेक ओ देवची नाय. माणूस आसात तर परत हाक मारीत. गिरो एकदाच मारता." भर दुपारी आणि तिन्हीसांजेला तर हा नियम कडक. तू स्वतःही तो पाळायचीस. आम्हाला बोलावताना तू कधी एकदाच हाक मारली नाहीस. पहिली हाक साधी, दुसरी लांबवलेली, आणि तिसरीला "मेल्यांनो, खंय उलथल्यात?" ही शिवी ऐकली की आमचा जीव भांड्यात पडायचा. ही बायच!

आठवतं, पहिलीत मास्तर हजेरी घ्यायचे आणि मी गप्प बसायचे? समोर बसलेली असून आठवडाभर माझी गैरहजेरी लागली. वर छडी खाल्ली ती वेगळीच. तू नऊवारीचा काष्टा मारून, हातात कोयता तसाच घेऊन शाळेत आलीस. मास्तर त्या कोयत्याकडेच बघत होते. तू म्हणालीस, "मास्तर, माझ्या पोरांका तीन हाको मारा. ती खोटा बोलणत नाय, पण एका हाकेक ओ देणत नाय." त्यानंतर आमच्या घरच्या पोरांना हजेरीत तीनदा हाक मारायची रीतच पडली. आज मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवते आणि हजेरी घेताना एखादं पोर गप्प राहिलं तर आपसूक तीनदा नाव घेते.

तू लग्न होऊन गेलीस आणि दोन वर्षांत पांढऱ्या कपाळाने माहेरी परत आलीस, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यावर तू कधी बोलली नाहीस. आमच्या आया शेतात आणि चुलीपाशी अडकलेल्या, मग आम्ही सगळी तुझ्याच पदराला. पाठीवर सुक्या नारळांची जोडी बांधून तू आम्हाला त्याच विहिरीत पोहायला शिकवलंस. कोकमं फोडता फोडता पाढे म्हणून घेतलेस. चुकलं की एक कोकम तोंडात कोंबायचीस, त्या आंबटपणाने सतराचा पाढा माझ्या आजही पक्का लक्षात आहे. आमच्यातलं कुणी फार शिकलं, कुणी शिकलं नाही, पण पाचांपैकी एकानेही दारावर आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय पाठवलेलं नाही. हे तुझंच. आणि तुझं नाव पार्वती होतं, हे मला पंचायतीच्या मृत्यूच्या दाखल्यावर कळलं! आपल्या आत्याचं नाव विचारावंसं चाळीस वर्षांत एकदाही वाटू नये, याची लाज वाटते गो.

आता त्या दिवसाचं सांगते.

मे महिना होता, शाळेच्या सुट्टीत मी इथे आले होते. दिनू आंब्याच्या पेट्या घेऊन बायकोसह कणकवलीला गेलेला, लहानगी मनूही त्यांच्यासोबत. घरात तू आणि मी दोघीच. नऊला पेज जेवून तू माडांना पाणी घालायला बागेत गेलीस. खळ्यात कोकमाची सोलं वाळत होती, मी पडवीत नारळ खवत बसले होते. बाराचा सुमार असेल. वारा पडला होता आणि कुत्रा उठून माजघरात जाऊन बसला. तेवढ्यात विहिरीकडून हाक आली.

"वैशू!"

तुझाच आवाज होता. मोठा नव्हता, पण स्पष्ट होता. माझा हात थांबला, ओ अगदी ओठापर्यंत आली. आणि मी गप्प राहिले. चव्वेचाळीस वर्षांची बाई, मुलांना ध्वनीच्या लहरी शिकवणारी! मी दुसऱ्या हाकेची वाट बघत बसले. मनात हसूसुद्धा आलं, म्हटलं आता लांबवलेली येईल, मग शिवी येईल.

ती आलीच नाही. मी नारळाची उरलेली अर्धी कवड खवली.

पान वाढायच्या वेळी तुला बघायला गेले. तू विहिरीच्या कठड्यापाशी कुशीवर पडली होतीस, एक हात घराच्या दिशेने. पुढचं तुला काय सांगू.

मालवणहून डॉक्टर आले तेव्हा दोन वाजायला आले होते. त्यांनी तुला तपासलं आणि म्हणाले की जाऊन बराच वेळ झालाय, सकाळी नऊ-दहालाच गेल्या असतील. मी विचारलं, बाराला असेल का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग मी विहिरीवर जाऊन बघितलं. घागर कोरडी होती, दोर कोरडा होता, एकाही माडाचं आळं भिजलेलं नव्हतं. बाय, तू पाणी ओढायला सुरुवातच केली नव्हतीस.

म्हणजे बाराला मला हाक कुणी मारली?

वर्षभर मी हेच करतेय. कधी म्हणते डॉक्टर चुकले असतील. मेच्या उन्हात दोर तासाभरात सुकतो, आळंही सुकतं, हे मीच वर्गात शिकवते. तसं असेल तर तू जिवंत होतीस, मला बोलावत होतीस आणि मी खोबरं खवत बसले. कधी म्हणते डॉक्टर बरोबर असतील. मग तुझ्या शिकवणीने मला वाचवलं असेल, पण तुझा आवाज घेऊन माझ्या दारापर्यंत कोण आलं होतं? दोन्हींतलं कुठलंही खरं मानलं तरी घास उतरत नाही. दिनूला मी हाकेचं सांगितलेलं नाही. तो विचारेल, तू गेलीस का नाही? त्याला काय सांगू, बायनेच शिकवलं होतं म्हणून?

आणि तू तरी! दुसरी हाक का मारली नाहीस गो? नियम तुझाच होता ना? का तेवढा श्वासच उरला नव्हता?

आता कालचं. मनू सहा वर्षांची झालीय, तुझ्यासारखीच हट्टी आहे. काल बाराला ती खळ्यात सोलं उलटत होती. कुत्रा उठून माजघरात गेला, ते मी पाहिलं आणि कान देऊन बसले. मला काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने मनू विहिरीच्या दिशेने बघत हळूच येऊन माझ्या मांडीला टेकली.

"आत्ये, बावीकडसून हाक इली. एकदाच. मी ओ देवक नाय."

मी तिला जवळ घेऊन म्हटलं, शहाणी माझी बाय, परत हाक मारली तरी मोठ्या माणसाला सांगायचं. ती मान हलवत म्हणाली, "माका नाय मारल्यानी. तुका मारल्यानी. 'वैशू' म्हणान."

मनू मला आत्ये म्हणते. घरात सगळे मला ताई म्हणतात. वैशू म्हणणारं या घरात आता कुणी उरलेलं नाही.

रात्रभर विचार केला. मनूला तुझी शिकवण द्यायची की नाही? सकाळी तिला पाटावर बसवून सांगितलं, ओ देऊ नकोस हे खरंच. पण घरच्या माणसाचा आवाज असला तर दुसऱ्या हाकेसाठी थांबायचं नाही. कुणाचा तरी हात धरायचा आणि दोघांनी मिळून बघायला जायचं. तिने विचारलं, बायआजीक चलात? चालेल, म्हटलं. तुझ्या नियमाला मी हे ठिगळ लावलंय, रागावू नकोस.

मग दिनूला परसात गाठून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मी आसतंय तर मी पण थांबलो आसतंय." आणि तोंड फिरवून फावडं उचलून माडांकडे गेला. वर्षाने पहिल्यांदा मी रडले.

आता तुला वचन देते. तुझ्या हाकेला मी पुन्हा कधी थांबवून ठेवणार नाही. मनूला मघाशी दिनूच्या हवाली केलंय आणि त्याला सांगितलंय की विहिरीवर जातेय, पाठोपाठ ये. तू असलीस तर पाय धरीन. तू नसलीस, दुसरंच काही असलं, तर त्यालाही कळू दे की या नावाला ओ देणारं माणूस घरात आहे. पण मी येईन ते एका हाकेला.

बाराला पाच कमी आहेत. वारा पडलाय. कुत्रा आत्ताच उठला.

ओ गो बाय, इलंय.

तुझी,
वैशू