माझ्या जागी बॅटरी

९ नोव्हेंबर
हात: उजवा ३२, डावा २७. व्यायाम दोनदा.
धुळ्याच्या दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी ही वही घालून दिली. छातीच्या ऑपरेशनात काखेतल्या गाठीही काढल्या, म्हणून उजवा हात सुजतो. रोज कोपराच्या वर टेप लावायची, सेंटिमीटरचा आकडा मांडायचा. आकडा एका ओळीत संपतो आणि वही दोनशे पानी. उरलेल्यात मी.

आज बाईंना फोनवर पुन्हा विचारलं, वल्हं कधी धरू? म्हणाल्या, ताई, वल्हं नाही, कळशी नाही, पोतं नाही. कधीपर्यंत? म्हणाल्या, आता कायमच. सव्वीस वर्षं तापीत वल्ह्यावर मी आणि जाळ्यावर हे. आम्हा भोयांत असंच, बाई नाव धरते, माणूस जाळं सोडतो. नावेत नाही तर मग ह्यांच्याबरोबर मी कुठे असणार? घरात तर आम्ही कधी धड दोन तास एकत्र बसलेलो नाही.

११ नोव्हेंबर
हात ३२.
आजही हे एकटेच गेले. वल्हं टाकून जाळ्याला हात घातला की वारा नाव फिरवतो. आले ते अर्ध्या जाळ्याचा गुंता घेऊन. मासे म्हणाल तर चार चिलापी. गुंता सोडवायला मी बसले, डाव्या हाताने. हे बघत उभे राहिले, मग म्हणाले, ऱ्हाऊ दे. मी ऱ्हाऊ दिलं नाही.

१५ नोव्हेंबर
योगेश सुरतेहून आला. मुलगा आला म्हणून आनंद, पण त्याच्या खांद्यावर काय होतं तर नावेला लावायची बॅटरीवरची मोटर. लांब दांडा, खाली तीन पात्यांचा पंखा, वर मूठ. मूठ पिळली की नाव पुढे, उलटी पिळली की मागे. डिझेल नाही, आवाज नाही. सुरतेत कुणीतरी वापरून विकलेली. बॅटरी किती उरली ते दाखवणारे दिवे आहेत, पण ते लागत नाहीत. योगेश म्हणाला, आई, आता पप्पांना कुणाची गरज नाही.
पोरगं चांगल्या मनाने बोललं. मी ताटावरून उठले, पाणी प्यायले, परत बसले.

१६ नोव्हेंबर
हात ३३. (सकाळी कळशी उचलली. कुणाला सांगितलेलं नाही.)
मोटर बसवायला हिरालालभाऊ आले. ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त, शहाद्याला स्टँडजवळ बॅटऱ्यांचं दुकान. आमच्या नावेला मागे सपाट बाजू नाही, म्हणून त्यांनी लोखंडी अँगलची चौकट करून आणली, नटबोल्टने आवळली, त्यावर मोटर. लाल वायर, काळी वायर, मध्ये फ्यूज. माणूस कामाचा स्वच्छ. प्रत्येक नट दोनदा तपासतो.

मग बॅटरी कुठे ठेवायची यावर चर्चा. त्यांच्याच दुकानातली इन्व्हर्टरची मोठी बॅटरी, दोघांनी उचलायची. मागे ठेवली तर नाव मागे बसते, पुढे ठेवली तर जाळ्याच्या पायात येते. हि.भाऊ म्हणाले, मधोमध. मधोमध माझी बसायची फळी. ह्यांनी करवत मागितली. मी घरातून आणून दिली. दहा मिनिटांत फळी कापून झाली, तिथे पेटी बसली, एकदम मापात. सगळे खूश. मी चहा केला.

२० नोव्हेंबर
पहिल्यांदा गेले. मी घाटावर. नाव काठापासून सुटली ती कुणी ढकलल्यासारखी सरळ गेली. आवाजच नाही. हे एका हाताने मूठ धरून बसले होते, मागे वळून पाहतील असं वाटलं होतं. नाही पाहिलं.
मासळी बरी. दोन कटला, एक मरळ.

२८ नोव्हेंबर
हात ३१!
आता मला काम मिळालं आहे. सकाळी नऊला हे जाळं काढून येतात, शेजाऱ्याला हाताशी घेऊन बॅटरी घरात आणतात, चार्जर मी लावायचा. लाल दिवा म्हणजे भरतेय, हिरवा म्हणजे भरली. दुपारी चारला हे निघताना विचारतात, "भरी गई का?" मी सांगते, "भरी गई." मोटरचे दिवे बंद, म्हणून तिच्या पोटात किती आहे ते फक्त मला माहीत. चला, तेवढं तरी.

६ डिसेंबर
मोटरच्या पंख्यात जाळं गेलं. दहा हात फाटलं. हे दिवसभर शिवत बसले. मी असते तर जाळं सुटताना नाव आडवी धरली असती, पंख्याच्या वाऱ्यालाही येऊ दिलं नसतं. हे मी बोलून दाखवलं. म्हणाले, हं.
खरं लिहायचं तर आज मला बरं वाटलं. वल्ही घराच्या मागे उभी करून ठेवलीत. त्यांना तेल लावलं.

१७ डिसेंबर, सं. ७
हात मोजला नाही.
क्रमाने लिहिते.

स. नऊ वाजता चार्जर लावला. पावणेदहाला लाईट गेली. आली साडेतीनला. म्हणजे चारपर्यंत भरायला मिळाला तास-सव्वातास, लागतात सहा.

मधल्या वेळात दु. घाटावर चहा घेऊन गेले. चार-पाच नाववाले आमची मोटर बघायला जमले होते. त्यांनाही बसवायची आहे. एकाने विचारलं कशी आहे. हे म्हणाले, "ही बरी. बोलत नही, दमत नही, नी रुसत बी नही." सगळे हसले. मीही हसले, चहा ओतला, एकाने माझी बाजू घेऊन काहीतरी टोमणा मारला त्यालाही हसले. घरी येईपर्यंत गाल दुखायला लागले.

चार वाजता दिवा लालच. हे दारात. "भरी गई का?"
म्हटलं, "भरी गई."
मला वाटलं, पाण्यात जरा अडकतील. वल्ही घरी आहेत. तासभर हाताने पाणी मारतील, मग कळेल कोण बरं ते. देवाशपथ, एवढंच वाटलं होतं.

आत्ताच निरोप आला. ह्यांना दुसऱ्या नावेतल्यांनी आणलंय. हाताला लागलंय. शहाद्याला नेतायत. मी निघाले.

१९ डिसेंबर, शहादा
उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट काढलं.
घडलं ते असं. पलीकडच्या काठाजवळ जाळं सोडत होते. वारा सुटला. नाव सांभाळायला मूठ पिळली तर मोटर गप्प. पुन्हा पिळली, गप्प. तेवढ्यात नाव गिरकी घेऊन फिरली, जाळ्याचा दोर हाताभोवती बसला आणि मोटरच्या लोखंडी चौकटीवर आवळला गेला. सोडवायला नावेत दुसरं कुणी नव्हतं.
दुसरं कुणी नव्हतं, हे वाक्य ते तीनदा बोलले. मी संत्री सोलत होते.

२३ डिसेंबर
घरी आणलं. रात्री ठणकतं. मी औषध देते डाव्या हाताने, ते घेतात डाव्या हाताने.
सांगायचं ठरवलं होतं. आज नाही. आज ताप आहे.

२९ डिसेंबर
आज ताप नाही. पण बँडेज बदलायचं होतं.

२ जानेवारी
हात ३३.
ह्यांनी ठरवून टाकलं आहे की दोष हि.भाऊंच्या कामाचा. वायर ढिली ठेवली किंवा बॅटरी जुनी दिली. ड्रेसिंगला शहाद्याला गेलो तर तसेच स्टँडजवळच्या दुकानासमोर उभे राहिले आणि बांधलेला हात वर करून भर बाजारात बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही. शेवटी म्हणाले, "मन्हा हात तू खादा, हिरा." हि.भाऊ गल्ल्यावरून उठले, आत गेले. त्यांच्या बायकोने दारातून माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांची बाही ओढत होते, चला, चला करत.
एक शब्द बोलायचा होता. तोंडात आला पण होता.

८ जानेवारी
हे झोपले असताना दु. हि.भाऊ घरी आले. सोबत मीटर आणि दुकानातला पोऱ्या. म्हणाले, वहिनी, मला एकदा बघू द्या, झोप लागत नाही. अंगणात काढून ठेवलेल्या मोटरची वायर पाहिली, फ्यूज पाहिला, एकेक नट पाहिला. बॅटरी घेऊन गेले. सगळं माझ्यासमोर, मी उंबऱ्यावर.

१० जानेवारी
हि.भाऊ बॅटरी परत घेऊन आले. पूर्ण भरून, मग बल्ब लावून तपासली म्हणाले. हे आत होते, बाहेर आले नाहीत. हि.भाऊ हळूच बोलले, "वहिनी, बॅटरी चांगली शे. ती खराब व्हयेल नव्हती, रिकामी व्हती. त्या दिन लाईट गयथी का?"
मी म्हटलं, आठवत नाही.
त्यांनी एकदा बॅटरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मान हलवली, वायरचं भेंडोळं पिशवीत घातलं आणि गेले. त्यांना कळलंय. शंभर टक्के कळलंय. आता गावभर होईल म्हणून दिवसभर घाटाकडे फिरकले नाही.

२१ जानेवारी
काहीच झालं नाही. हि.भाऊंनी कुणाला सांगितलेलं नाही. उलट ज्या दोघांनी त्यांच्याकडे मोटरचं काम द्यायचं ठरवलं होतं त्यांनी रद्द केलं. एकजण तर माझ्यासमोर म्हणाला की हिराच्या हातचं काम आता नको. मी मान डोलावली. आपोआप डोलावली गेली.
बोंबलले असते तर मी खोटं बोलून भांडले असते, तेवढी धमक आहे माझ्यात. हा माणूस गप्प बसलाय, त्याच्याशी कसं भांडू?

२८ जानेवारी
योगेशचा फोन. नाव विकून टाका, सुरतेला या. हे म्हणाले, बघू. फोन ठेवल्यावर म्हणाले, सुरतमा काय करू मी, खिडकीमा बसू?
संध्याकाळी घाटावर बसून होतो. तीन बोटांनी दोर धरून बघत होते. धरता येतो, ओढता येत नाही.

३ फेब्रुवारी
हात ३१.
आज हे म्हणाले ते जसंच्या तसं. "योगेशनी माय, मोटर डावा हातनी बी चालस. तू मोटरवर बठ. मी जाळं देखस."
मी म्हटलं, डॉक्टर? म्हणाले, वल्हं नाही म्हणाले, मूठ पिळायला कोण नको म्हणतंय. तेही खरं. मोटर आल्यापासून हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, माझ्यासुद्धा. पहिल्याच दिवशी आलं असतं तर.
मग म्हणाले, "आते तुन्हाशिवाय मन्हा कोणावर भरोसा नही." मी भांडी घासायला गेले. घासलेलीच परत घासली.

४ फेब्रुवारी
ह्यांनी मागच्या बाजूला माझ्यासाठी नवी फळी ठोकली. दोन वेळा हातोडा सटकला. मी खिळे धरले.
आता सांगितलं तर ही फळी जाईल. फळीचं सोडा, हेच जातील. समोर बसून जेवतील, पण जातील. मी ओळखते त्यांना. आणि नाही सांगितलं तर हि.भाऊ.

९ फेब्रुवारी
हात मोजायला वेळ नाही मिळाला.
दु. चारला निघालो. दोघं. मूठ डाव्या हातात, सातआठ महिन्यांनी बुडाखाली पाणी. इतका आनंद झाला की मलाच माझी लाज वाटली. वारा कमी होता. हे पुढे, पाठमोरे, तीन बोटांच्या हाताने जाळं पुढे सारत. पूर्वी झरझर सुटायचं, आता थांबून थांबून. मी नाव आडवी धरून ठेवली, जरा पुढे, जरा मागे. त्यांना सांगावं लागलं नाही. मान हलली की मी पिळायचे.

पलीकडच्या काठाजवळ आलो. ती जागा. घरात मला कधीच जमणार नाही, इथे पाठमोरे आहेत तोवर जमेल, असं वाटलं. म्हटलं, "ऐका ना. त्या दिननं एक सांगनं शे तुमले."
हे वळले नाहीत. म्हणाले, "जाळं सरकी ऱ्हायनं. आधी नाव धर."
मी नाव धरली.
जाळं पूर्ण सुटायला अर्धा तास लागला. मी वाट पाहत होते, आता विचारतील, काय सांगणं होतं. एरवी मीठ कमी का पडलं हे दोनदा विचारणारा माणूस. विचारलं नाही. मी मूठ पिळून नाव घाटाकडे वळवली. काठ जवळ आल्यावर पाण्याकडे बघत म्हणाले, "सकाय हिरालालकडे जाऊत. दोन्ही जन."
कशाला ते बोलले नाहीत. मी विचारलं नाही. ह्यांना कळलंय का, कधीपासून, तेही नाही विचारलं. उद्या जाळं काढून आलं की साडेअकराच्या गाडीने जायचं ठरलं आहे.