थॉर्नबी साहेबांची खुर्ची

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी ६.
आजपासून थॉर्नबी साहेबांच्या चरित्राला सुरुवात. एकतीस वर्षं तहसील कचेरीत लोकांना उतारे दिले, आता देशाला ग्रंथ द्यायचा. साहेब १८७१ साली इंग्रज सरकारचे वकील म्हणून भोरच्या दरबारी आले. (कोर्टातले वकील नव्हेत, दरबारातले सरकारी प्रतिनिधी. बायकोला हे तीनदा सांगितलं.) राजकारण सांभाळून साहेब मावळभर हिंडले आणि गाणी, चालीरीती टिपून घेतल्या. त्या टिपणवहीची बावीस पानांची झेरॉक्स अख्ख्या तालुक्यात फक्त माझ्याकडे आहे. तरी भोरमध्ये मला विचारतं कोण? कुत्रं विचारत नाही.
रोज पाच पानं. दोन महिन्यांत ग्रंथ तयार.

सकाळी ९.
टेबलाचा पाय हलतो. असल्या टेबलावर ग्रंथ होत नसतात. बायको रत्ना म्हणाली, मग खाली बसून लिहा. काय बोलणार!

१५ सप्टेंबर, सोमवार.
टिपणवहीचं पान १७ म्हणजे साहेबांच्या आयुष्याचं सार. गुंजवणे गावच्या एका बाईनं दळताना सांगितलेली ओवी:

खुर्ची चढली डोंगर, मान्साच्या गं डोईवरी,
तिचा धनी मागं मागं, घाम पुशी बांधावरी.

खाली साहेबांची टीप आहे: या लोकांत खुर्चीची पूजा चालत असावी. माझा सिद्धांत त्याच्याही पुढे जातो. खुर्ची ही देवी. धनी म्हणजे तिचा नवरा, बांधावरचा देव. घाम म्हणजे पाऊस. मला हे वीस मिनिटांत सुचलं. विद्यापीठातल्या लोकांची यात हयात जाते, वर पगार घेतात.
रत्नाला वाचून दाखवलं. ती तोंडाला पदर लावून आत गेली. भारावली असावी.
पुढची ओवी मात्र नाही. पान तिथंच फाटलंय. ती मिळाली की सिद्धांत पक्का, आणि ती मी मिळवणारच. रत्नाचं माहेर गुंजवणेच. तिची चुलती ठकुबाई, वय चौऱ्याऐंशी, तिला जुन्या सगळ्या ओव्या येतात म्हणे.
पानं: शून्य. पण चिंतन भरपूर झालं.

२१ सप्टेंबर, रविवार.
गुंजवण्याला गेलो. चौसष्ट प्रश्नांची प्रश्नावली, दोन पेनं, फोल्डिंग खुर्ची. (साहेबही स्वतःची खुर्ची नेत. शिस्त म्हणजे शिस्त.) कापूरहोळला गाडी बदलताना कंडक्टर म्हणाला, काका, खुर्ची टपावर टाका. मी खुर्ची मांडीवर घेऊन गेलो. सगळी गाडी बघत होती. बघू देत.
ठकुबाई म्हणाल्या, जावईबापू, खाली बसा की, सारवलंय. मी खुर्ची उघडली. प्रश्न पहिला: आपल्या घराण्यात आसनपूजा कधीपासून आहे? त्या म्हणाल्या, आमच्यात न्हाई बा तसलं काय. गुप्त परंपरा! लगेच टिपून घेतलं. पुढची ओवी विचारली तर म्हणाल्या, सांगंन कवातरी, आता चुलीवर भात हाय.
भात! दीडशे वर्षांचा ठेवा एका बाजूला आणि यांचा भात एका बाजूला. संताप संताप झाला. भात मात्र जेवून आलो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
वाचनालयाचे अध्यक्ष इंद्रजित यांनी सोळा नोव्हेंबरला माझं व्याख्यान ठेवलं. वेळ वीस मिनिटं! साहेबांच्या आयुष्याला वीस मिनिटं! आणि माझ्यानंतर पुण्याची कोणी वैष्णवी, पीएचडी करते, ती बोलणार. विषय काय, तर थॉर्नबी. माझे साहेब! मी अध्यक्षांना स्पष्ट सांगणार होतो की एक तर ती राहील नाहीतर मी. पण ते घाईत होते.
व्याख्यानाच्या आत पुढची ओवी मिळाली नाही तर ती पोरगी माझी शोभा करेल. मिळवणारच.
मुहूर्त साधून मुखपृष्ठ लिहिलं. माझं नाव मोठं आलंय, साहेबांचं खाली बसलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार.
गुंजवण्याला गेलो तर ठकुबाईंच्या खाचरात ती वैष्णवी! (व्याख्यानाच्या पत्रिकेवर फोटो पाहिला होता.) डोक्याला रुमाल, हातात विळा, बायकांच्या रांगेत भात कापतेय. मोबाईल बांधावर रेकॉर्डिंगला लावलेला, आणि ठकुबाई गातायत. मला 'कवातरी' आणि हिला तासभर गाणी! मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. ठकुबाई म्हणाल्या, जावईबापू, ऊन लई हाय, पानी प्या.
पाणी न पिता निघालो. रागात खुर्ची न घेताच पुढे आलो, परत फिरावं लागलं. मेव्हणा गेनू म्हणाला, दाजी, चिखुल हाय, द्या हिकडं. त्यानं खुर्ची डोक्यावर घेतली आणि सरळ चढण चढून रस्त्याला लागला. मी मागून. दम लागला म्हणून बांधावर थांबून घाम पुसला. खाचरातल्या सगळ्या बाया कापणी थांबवून उभ्या राहिल्या आणि एकसुरात काहीतरी गाऊ लागल्या. शब्द ऐकू आले नाहीत. जावयाचा मान म्हणून असेल. एवढीच काय ती माणुसकी.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
पानं: एक (मुखपृष्ठ). हरकत नाही, ग्रंथ डोक्यात तयार आहे.
डाव ठरला. ठकुबाईंना मीच जीप करून सभेला आणणार. व्याख्यान रंगात आलं की सगळ्यांसमोर त्यांना पुढची ओवी म्हणायला लावायची. भर सभेत त्यांना 'कवातरी' म्हणता येणार नाही. वैष्णवीचं तोंड बघण्यासारखं होईल.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३.
आत्ताच घरी आलो.
चाळीस मिनिटं बोललो. इंद्रजितनं तीन चिठ्ठ्या पाठवल्या, त्या खिशात घातल्या. मग म्हटलं, आता जिवंत पुरावा. ठकुबाई उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या:

गोरा बसला खुर्चीत, माझी ओवी लिवू लागं,
त्याचीच गं ओवी बाई, हसं पदराच्या मागं.

हॉल हसला. मी म्हटलं, शांतता! हसण्यासारखं काय आहे? तेव्हा ठकुबाईंनी माइकवरच सांगितलं की सायबाची खुर्ची गड्याच्या डोक्यावर म्होरं यायची आन् सायेब मागनं धापा टाकीत यायचा, म्हून आमच्या आजेसासूच्या सासूनं त्येची गंमत क्येली. आन् त्यानं ती गंमत देवाची म्हून वहीत लिवून न्येली. आणि एवढ्यावर थांबायचं की नाही? नाही.

डोईवर आली खुर्ची, जावई मागं धापा टाकी,
एक सायेब गेला बाई, दुसरा हाये आजून बाकी.

पहिल्या रांगेतला डॉक्टर खुर्चीवरून घसरला. ती वैष्णवी तेवढी हसली नाही. मान खाली घालून बसली होती. त्याचाच जास्त राग आला.
पुन्हा त्या गावाचं तोंड बघणार नाही. झेरॉक्स बंबात घालणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
बंब पेटवला नाही. गॅसचा गीझर आहे.
विचार केला, संशोधक म्हटलं की राग गिळावा लागतो. कालच्या ओव्यांची नोंद तरी हवी. पण रागात शब्द मागेपुढे झाले होते. रत्नाला विचारलं, ठकुबाई नेमकं काय म्हणाल्या? ती भाकरी थापत होती. तिनं दोन्ही ओव्या म्हटल्या. मग तिसरी म्हटली. मग चौथी. माझ्यावरच्या एकूण अकरा आहेत. खाचरात सगळ्याजणी म्हणतात म्हणे. मी विचारलं, तुला कशा पाठ? ती म्हणाली, त्यातल्या चार माझ्याच आहेत.
म्हटलं, सावकाश सांग. ती एकेक ओळ थांबून थांबून सांगत गेली आणि मी खुर्चीत बसून लिहून घेत गेलो. सातवी संपल्यावर मान वर केली. पिठाच्या हातानं तिनं पदर तोंडाला लावला होता.