डाव्या बाजूचा आवाज

प्रिय दादा,

तुझा फोन झाल्यापासून सगळं ठरल्यासारखं चाललंय. अकोल्याचं दुकान विकायचं आणि बाबांनी तुझ्याकडे पुण्याला राहायला यायचं. बाबा ‘हो’ म्हणाले म्हणून तू निर्धास्त. शुक्रवारी गिऱ्हाईक लिखापढीला येतंय. मला ना आनंद होतो ना वाईट वाटतं. भाकरी थापते, भांडी घासते, झोपते.

दुकानात तसंही काम उरलं नाही. यंदा कपाशी बुडाली, तिनं सगळ्यांनाच बसवलं. लग्नं अंगणात उरकतात, बँडवाल्यांचे अँप्लिफायर दुरुस्तीला येत नाहीत. रिकामा हात बाबांना खपत नाही, म्हणून त्यांनी घरचाच अँप्लिफायर खोलला. डाव्या बाजूचा आवाज दबून राहिला म्हणे, आतली आयसीची चिपच म्हातारी झाली. तू पाठवलेली आठ पायांची नवी आयसी बसवली आणि चाचणीची ती बासरीची कॅसेट लावली. तिचा मला आता वीट आलाय. आवाज मला तर लख्ख वाटला. पण बाबांनी नेहमीसारखं दोषाकडे बोट दाखवलं, डाव्या स्पीकरकडे. ‘अजून दबूनच राहिला वो मैना.’ शेजारच्या दुकानातल्या मुजम्मिलनं अमरावतीहून आणखी भारी आयसी आणली. तीही बसवली, पण बोट तिकडेच.

मग त्यांनी आपल्याला लहानपणी शिकवलं होतं ते केलं. तारांची अदलाबदल. दोष पलीकडे गेला तर अँप्लिफायर खराब, जागेवर राहिला तर स्पीकर. दोष डावीकडेच राहिला. मग स्पीकरच इकडचा तिकडे केला. तरीही डावीकडेच. बाबांनी पेचकस खाली ठेवला. मग उठले, खुर्ची फिरवली आणि सेटकडे पाठ करून बसले. या वेळी बोट दुसऱ्या स्पीकरकडे गेलं, आता तो त्यांच्या डाव्या हाताला होता.

त्यांनी कॅसेट बंद केली, जुनी आयसी परत बसवली, झाकण लावलं. ‘जुनीच बरी होती,’ एवढंच म्हणाले. कानाचं नावही काढलं नाही. मी चहा ठेवला.

दादा, बाबा फोन डाव्याच कानाला लावतात. उजव्या हातात जन्मभर सोल्डरिंगची सळई, त्यामुळे तीच सवय. त्या दिवशीही फोन डाव्याच कानाला होता. तू विचारत गेलास, ते हो हो करत गेले. फोन ठेवून मला म्हणाले, ‘अंकुर दिवाळीले येऊन राहिला.’ मला तेव्हा वाटलं, विकायचा विषय टाळतायत. आता कळतंय, त्यांनी तुझा प्रश्न ऐकलाच नव्हता. म्हणून शुक्रवारच्या आधी ये. त्यांच्या उजव्या बाजूला बस आणि पुन्हा विचार. मग ते जे म्हणतील ते मला चालेल. पण ये. दिवाळीला तू येणार म्हणून त्यांनी कालपासून दुकान रंगवायला काढलंय.

तुझीच,
मैना