रुपीबाईच्या आंब्याची नोंद

मी, वामन केशवराव गावंडे, वय ५७, संस्कृत शिक्षक, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझे थोरले बंधू सदाशिवराव, म्हणजे आमचे दादा, शंका घेतील. चाळीस वर्षे घेतच आहेत.

१. घर व बँकेतली शिल्लक पुतण्या रजत यास. मुलगा भला आहे, वडिलांवर गेलेला नाही. छत गळते, हे त्याला ताबा घेतल्यावर सांगावे.

२. संस्कृत ग्रंथ शाळेस. मुले हा विषय मार्कांसाठी घेतात, तेव्हा कपाटाची किल्ली हरवली तरी शिक्षणाचे नुकसान नाही.

३. एका संशोधन संस्थेने फळझाडांचा जनुकीय माहितीसंग्रह इंटरनेटवर उभारला आहे. कोणत्या झाडाचा मोहोर रोगाने करपत नाही, हे पानातल्या जनुकांवरून शोधायचे आणि नवे वाण काढताना ते झाड वापरायचे. तालुक्यातले दोनशे गावरान आंबे मी सहा वर्षे हिंडून त्यात नोंदवले. त्या कामाच्या वह्या, वजनकाटा आणि कलमाचा चाकू तांड्यावरील पुष्पा राठोड हिला. चाकू तिच्या हातात माझ्यापेक्षा बरा चालतो.

४. नोंद क्रमांक ११४ खोटी आहे व ती मी केली. आमच्या शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, हा आंबा पुष्पाची आजी रुपीबाई हिने कोय लावून वाढवला. आमच्याकडे मजुरीला येताना ती चार उन्हाळे डोक्यावरून पाणी आणी. वडील तिला म्हणाले होते, "झाड तुहं, सावली आमची." संस्थेच्या फॉर्मला कागद हवा होता. बोललेला शब्द अपलोड होत नाही, दादांच्या नावचा सातबारा होतो. मी 'जतनकर्ता' म्हणून दादांचे नाव भरले आणि वाणाला 'शिवरस' असे भारदस्त नावही दिले. दादांना शाल मिळाली. भाषण मीच लिहून दिले होते.

रुपीबाईने एकदा विचारले, "गुरुजी, आपलं झाड त्या कम्प्युटरात कोनाच्या नावानं हाय?"

मी म्हणालो, "तिथं झाडांना नंबर असतात, बाई."

ती हसली. त्याच वर्षी वारली.

पुढे दादांनी झाड तोडले. जाब विचारायला गेलो, तर म्हणाले, "तुह्या कम्प्युटरात हाय ना? मंग वावरात कायले पाह्यजे? खाली सोयाबीन होत नाही."

दुरुस्तीसाठी संस्थेला जमीनमालकाची संमती लागते, किंवा नोंद करणाऱ्याने चूक केल्याचे प्रतिज्ञापत्र. दादा संमती देणार नाहीत. माझ्या मृत्यूनंतर हा परिच्छेद प्रतिज्ञापत्र समजून रजतने संस्थेस पाठवावा.

५. त्या झाडाचे एकच कलमी रोप माझ्या परसात उरले आहे. ते पुष्पाला.

६. दादांना काही नाही. शाल त्यांच्याकडे आहेच.

हे सर्व आज पुष्पाला वाचून दाखवले. ती ओसरीच्या पायरीवर बसून ऐकत होती.

"म्हंजे तुमी मेल्यावर आजीचं नाव लागन?"

"हो."

"आत्ता काहून नाही?"

मी म्हणालो, दादा बोलणे टाकतील, गावात शोभा होईल, माझ्या बाकीच्या नोंदींवरही लोक संशय घेतील.

"घेऊ द्या ना," ती म्हणाली. "खोटी तं हाय."

सबब बाब ४ वर रेघ मारून ती या मृत्युपत्रातून रद्द करीत आहे. रेघेखालचा मजकूर वाचता येतो, तो तसाच राहू द्यावा. तोच मजकूर स्टॅम्पपेपरवर उतरवून उद्या पहिल्या एसटीने यवतमाळला नेतो, नोटरी करून संस्थेस पाठवतो. बाकी सर्व बाबी कायम. मयतीला दादांची वाट पाहू नये.

आम्हा दोघांसमक्ष लिहून देणाऱ्याने सही केली:
साक्षीदार १. धर्मपाल खोब्रागडे
साक्षीदार २. देवीलाल आडे

वामन केशवराव गावंडे
तालुका दारव्हा, ९ जुलै २०२५