पन्नास कंपन्यांची भिशी

वडगाव, बेळगाव
सोमवार

आदरणीय मारुतीराव यांस धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे परशरामचा, वडगावहून सविनय नमस्कार.

निपाणीस आपण सर्व सुखरूप असाल आणि वहिनींचा गुडघा त्यांना आता जिना चढू देत असेल, अशी आशा करतो. इकडे आपली भगिनी मंगल ठणठणीत आहे. मलाही डॉक्टरांनी तपासले आणि काहीही झालेले नाही असे सांगितले. काही झाले असते तर निदान औषध तरी मिळाले असते.

आपण मागच्या आठवड्यात फोनवर जे कोडे घातलेत, ते लाभांश घेणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतेच. मोठ्या कंपन्यांच्या इंडेक्स फंडाचा लाभांश बँकेत जमा झाल्याचा संदेश आला, आपण आनंदाने फंडाचे मूल्य पाहायला गेलात, तर ते जवळजवळ तेवढ्यानेच उतरलेले. ("एका खिशातलं काढून दुसऱ्या खिशात ठेवायला एवढी शिकलेली माणसं कशाला लागतात?" असे आपण विचारलेत. मी हसलो, पण रात्रभर त्यावर विचार केला.) आपण फसलेला नाहीत. आमच्या घरी पूर्वी हातमाग होता, तो डोळ्यांसमोर आणा. विणलेले कापड पुढच्या रुळावर गुंडाळले जाते. त्यातून एक साडी कापून घेतली की साडी घरात येते आणि रूळ तेवढा बारीक होतो. रूळ बारीक झाला म्हणून कोणी विणकर ऊर बडवून घेत नाही. लाभांश म्हणजे ती कापलेली साडी. खरा प्रश्न साडी मिळाली का हा नसून, माग चालू आहे का आणि आपण विणण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने कापत तर नाही ना, हा आहे.

यावरून पुढचे सूत्र सहज निघते. (मंगल म्हणते की माझी सूत्रे सहज निघतात, मी मात्र खुर्चीवरून निघत नाही.) ज्या फंडाचा लाभांशाचा दर सर्वांत मोठा दिसतो, तो डोळे मिटून घेऊ नये. हा दर म्हणजे भागाकार आहे. वर लाभांश, खाली भाव. भाव कोसळला तरीही उत्तर मोठे दिसते, आणि आपण आजारी कंपनीला उदार समजून बसतो. म्हणून फंड निवडताना आधी त्याचा वार्षिक खर्च पाहावा, मग तो आपल्या निर्देशांकाच्या किती जवळून चालतो ते पाहावे, आणि लाभांश किती व केव्हा द्यायचा हे फंडवाले ठरवतात, त्याची हमी नसते, हे कपाटाच्या दारावर लिहून ठेवावे. देशातल्या मोठ्या कंपन्यांचा लाभांश भावाच्या मानाने फार थोडा असतो. तेवढ्यावर घर चालवायचे तर पैसा पुष्कळ लागतो. म्हणून पहिल्या काही वर्षांचा खर्च मुदत ठेवीत ठेवावा, उरलेले फंडात घालावे, आणि लाभांशाची वाट पाहण्याऐवजी गरजेपुरती युनिटे दरमहा ठरवून विकावीत, म्हणजे कात्री आपल्या हातात राहते.

हे सर्व मी इतक्या उत्साहाने सांगतो आहे, आणि उत्साहानेच माझा घात केला आहे. आमची थोरली बहीण बायाक्का आपणास माहीत आहे. भाऊजी गेल्यावर तिने कारखान्याचे यंत्रमाग विकले. आता आलेल्या पैशांतून दरमहा स्वतःच्या नावावर काहीतरी यावे, एवढीच तिची इच्छा आहे. तिचा विक्रम इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत भागीदारी घेऊ पाहतो. तो म्हणतो, "आई, पैसे माझ्याकडं दे, मी म्हैन्याला पाठवतो." मुलगा वाईट नाही. पण महिन्याच्या शेवटी सुनेच्या दारात उभे राहून मीठमिरचीला पैसे मागण्याची वेळ आक्काला नको आहे. तिने मला बोलावले आणि म्हणाली, "परशा, तू शिकीवलेली पोरं बँकेत साहेब झाली. मला बी शिकीव."

मारुतीराव, वाणिज्य शिकवण्यात आयुष्य घातलेल्या माणसाला असे वाक्य ऐकू येणे धोक्याचे असते. मी खडूचा डबा आणि फळा घेऊन गेलो. आक्काच्या पडवीत तिच्या भिशीतल्या बायका बसलेल्या होत्या, त्यांनाही मी सोडले नाही. मी सांगितले की या फंडात देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्या एकत्र असतात. भिशी चालवणाऱ्या गुणाबाईंनी लगेच विचारले, "आणि त्यातली एखादी बुडाली तर?" मी म्हणालो, जी कंपनी आकसते तिला निर्देशांकातून काढतात आणि तिच्या जागी दुसरी मोठी घेतात. "म्हंजे हप्ता चुकीवणाऱ्याला भिशीतनं काढत्यात, तसंच की!" विद्यार्थ्याच्या तोंडून उदाहरण निघाले की माझे भान सुटते. मी म्हणालो, "अगदी बरोबर!"

ते दोन शब्द मला परत मिळतील तर मी माझे निवृत्तिवेतन द्यायला तयार आहे.

त्या क्षणापासून पडवीत इंडेक्स फंड उरलाच नाही, भिशी उरली. पन्नास कंपन्या म्हणजे पन्नास सभासद. लाभांश म्हणजे ज्याची पाळी लागली त्याने उचललेला पैसा. "चिठ्ठी कोण काढतंय?" असे एकीने विचारले. दुसरीला शंका आली की आधी उचल घेतलेली कंपनी पुढचे हप्ते भरील कशावरून, आणि तिला जामीन कोण? मी पुन्हा फळ्याकडे वळलो आणि ही भिशी नव्हे हे तीन प्रकारे सिद्ध केले. गुणाबाईंनी शांतपणे ऐकले आणि शेजारणीला म्हणाल्या, "सरांची भिशी मोठी हाय गं, म्हणून लई समजावून सांगायला लागतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी यल्लाप्पा दारात. (हा आमच्या पलीकडचा यंत्रमागवाला. ह्याने आजवर मला नमस्कारही अर्धाच केला आहे.) हातात नोटा. "सर, एक नंबर माज्या नावचा घाला की." मी हात मागे घेतले आणि म्हणालो की मी कसलीही भिशी काढलेली नाही, असे लोकांचे पैसे गोळा करणे बेकायदेशीर आहे. त्याने माझ्याकडे मोठ्या आदराने पाहिले. "बरं बरं. भरली असंल. पुढच्या वेळंला तरी ध्यानात ठेवा." संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाले की सरांची भिशी भरली, ओळखीशिवाय नंबर मिळत नाही. आता रस्त्यात पोलिसांची जीप हळू झाली की मी कोपऱ्यावरच्या दुकानात शिरतो आणि काहीतरी विकत घेतो. घरात काड्यापेट्यांचा ढीग झाला आहे.

तेवढ्यावर भागले असते तर हे पत्र लिहिले नसते. गुरुवारी मी आक्कापुढे शेवटचा हिशेब मांडला. ठेवीत किती, फंडात किती, महिन्याला काय येईल, बाजार पडला तर कोणत्या भांड्यातून घ्यायचे. तिने मन लावून ऐकले आणि मान डोलावली. बायका होत्याच. मग ती म्हणाली, "समदं कळलं रं. आता तू तुजा हप्ता ठेव."

मला कळले नाही. गुणाबाईंनी समजावून सांगितले, अगदी मी समजावतो तसे, सावकाश. आमच्याकडे जो भिशी काढतो तो पहिला हप्ता स्वतःचा ठेवतो, सगळ्यांच्या देखत. त्याने ठेवल्याशिवाय बाकीचे कमरेची पिशवी सोडत नाहीत. ही रीत आहे आणि तिला अपवाद नाही. मी म्हणालो, पण मी भिशी काढलेली नाही! आक्का म्हणाली, "नसंल. पर तूच सांगाय लागलास न्हवं? तुजं किती हाईत त्यात?"

मी पाणी मागितले.

"पानी मागनं पी. आधी सांग."

मारुतीराव, माझे त्यात काहीही नाही. एक युनिटही नाही. माझे सगळे पैसे मंगलच्या आणि माझ्या जोडनावाने एका पतसंस्थेत मुदत ठेवीत आहेत, आणि तिथेही मी दर मंगळवारी जाऊन इमारत जागेवर आहे का ते पाहून येतो. निर्देशांकाचा चढउतार मी गेली कित्येक वर्षे रोज टिपतो, पण बाहेरून. हल्ली तर आक्काच्या न गुंतवलेल्या पैशांचा रोजचा तोटाही मी मनात काढतो आणि त्यावर झोप घालवतो. शेवटी माझे त्यात काही नाही, हे मी पडवीत सगळ्यांच्या देखत कबूल केले. आक्का रागावली नाही. तिने एवढेच ठरवले की येत्या शुक्रवारी, देवीच्या वारी, परशाने आपला हप्ता भरला तर त्याच दिवशी तीही भरेल. नाही भरला तर त्याच संध्याकाळी विक्रम येणार आहे, चेक त्याला. "तुला तुज्या शिकवण्याचं भ्या वाटत असंल, तर मी तरी कुणाच्या जिवावर उडी मारू?"

माझे शिकवणे चूक नाही, मारुतीराव. मी ते पुन्हा पुन्हा तपासले. वाईट याचेच वाटते की ते बरोबर आहे आणि तरीही माझा हात पुढे होत नाही. आक्का महिन्याच्या अखेरीस सुनेच्या दारात उभी राहिली, तर तिला तिथे फाउंड्रीने पाठवलेले नसेल, मी पाठवलेले असेल. कळावे. वहिनींना नमस्कार सांगावा आणि गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

आपला,
परशराम

ता. क. पत्राचा मूळ हेतू लिहायचा राहिला. मी मन घट्ट केले आहे, ठेवीतला थोडा भाग मोडायचा. पण ठेव जोडनावाची असल्याने दोन सह्या लागतात, आणि आपली भगिनी सही करत नाही. ती म्हणाली, "शिकवा की हवं तेवढं. शिकवायला पैसे लागत न्हाईत." माझे सूत्र तिच्यापुढे चालत नाही. आपला मात्र एक शब्द चालतो, आणि आपले तर त्या फंडात पैसे आहेत. कृपया शुक्रवारी सकाळी पतसंस्था उघडण्यापूर्वी तिला फोन करावा. रुळाचे आणि साडीचे उदाहरण देऊ नये, ते तिने पुष्कळदा ऐकले आहे.

ता. क. दुसरा. ठेव मोडली तर व्याजात कपात होईल, हे तिला सांगू नये. ते तिला माझ्याआधी माहीत होते.

ता. क. तिसरा. कोणी आपणास कोणताही फंड फळ्यावर समजावू लागला, तर फळ्याकडे न पाहता त्याला एकच विचारावे, "तुमचे किती आहेत त्यात?" आणि तो आकडा सांगतो की पाणी मागतो ते पाहावे. ही परीक्षा आपण शुक्रवारी संध्याकाळी फोनवरून माझ्यावरच करून पाहा. मी पाणी मागितले नाही, तर मंगलने सही केली असे समजावे.