पेटीखालचे चार पाय

सोमवार, ता. ४
आलेलं सामान – माशांची काचेची पेटी एक, हवेचा पंप एक, गोणपाटात बांधलेले गोटे. गाडीभाडं पोरानं तिकडेच भरलेलं. हमाली साठ. मागत होता ऐंशी!
पेटीत चिठ्ठी: 'आई, नव्या खोलीत जागा नाही. बाबा ठेवू देत असतील तर ठेव, नाहीतर विकून टाक.'
तीन वर्षांत 'बाबा' हा शब्द पहिल्यांदा.
यांनी चिठ्ठी वाचली आणि चष्मा पुसत बसले. 'हो' म्हणाले नाहीत, 'नाही'ही म्हणाले नाहीत.

बुधवार, ता. ६
सुतार येऊन गेला. नवं स्टँड बाराशे म्हणे! वर शहाणपण – 'वहिनी, तुमच्या फरशीवर काही ठेवायचं म्हणजे पंचाईतच. पुठ्ठा घाला खाली चार घड्या.' यांचं डोकंच फिरलं. जन्मभर गवंडीकाम केलं, ही फरशी स्वतःच्या हातानं घातलेली. 'उतार मी मुद्दाम दिलाय! हिला रोज फरशी धुवायची असते. पाणी मोरीकडे जायला नको?' सुतार चहा संपवून गेला.
मग हे स्वतः माळ्यावर चढले – गुडघे धड नाहीत! – आणि पोराचं जुनं स्टँड खाली काढलं. मला वाटलं होतं, ते केव्हाच भंगारात गेलं.

गुरुवार, ता. ७
स्टँड बघितल्यापासून सगळं डोळ्यांसमोर. तेव्हा हे कामावर होते. पोरानं यांना न विचारताच मोजलं, कापलं, पेटी भरली. तिसऱ्या दिवशी काच तडकली. घरभर पाणी, मासे तडफडताहेत, आणि हे दारात उभे. 'गवंड्याचा पोर, आणि चार पाय एका पातळीत आणता येत नाहीत!' तो फटकन म्हणाला, 'तुमची फरशीच वाकडी.' ते यांच्या जिव्हारी लागलं. आठवड्याच्या आत तो बॅग भरून गेला.
तेव्हापासून देवापुढे रोज एकच मागणं – दोघांना बुद्धी दे.

शनिवार, ता. ९
पातळी घेतली. लांब पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक यांच्याकडे, एक माझ्याकडे. दोन्ही टोकांना पाणी थांबेल तिथं स्टँडच्या पायांवर खूण.
मध्येच हे ओरडले, 'अगं, अंगठा काढ!'
'पाणी सांडेल की. आत्ताच पुसलंय.'
'सांडू दे! तोंड दाबलंस की आत हवा कोंडते, पाणी जागचं हलत नाही. खूण चुकणारच.'
नळी हातातून सुटली.
पोरानं पातळी घेतली तेव्हाही दुसरं टोक मीच धरलं होतं. अंगठा दाबून. शेवटपर्यंत.
'सांडलंस ना शेवटी!' म्हणून हे हसले. मी फडकं आणायला गेले.

रविवार, ता. १०
जपात माळ दोनदा चुकली. तीन वर्षं बुद्धी मागितली ती दुसऱ्यांसाठी!

मंगळवार, ता. १२
आखूड पायांखाली लाकडाच्या चकत्या ठोकल्या, पेटी भरली. चारही कोपऱ्यांत पाणी काठापासून बरोबर तीन बोटं. हे खाली बसून जुन्या पायावरून हात फिरवत होते.
'पोराची कापणी बघ. करवत कुठं हललेली नाही. असा हात असताना खूण चुकली कशी? मला अजून उमगलं नाही.'
म्हणजे यांच्याही डोक्यात तीन वर्षं हेच!
पदराला हात पुसले आणि सांगून टाकलं. नळी, अंगठा, पुसलेली फरशी – सगळं. 
यांनी पायावरचा हात काढला. मग म्हणाले, 'तुला कुणी शिकवलंच नव्हतं.' आणि थोड्या वेळानं, 'दुसरं टोक कुणी धरलं होतं, एवढंसुद्धा मी विचारलं नाही.'
जेवले नाहीत. मीही नाही.

गुरुवार, ता. १४
तिसरा दिवस. पेटीखालची फरशी कोरडी.
यांनी पोस्टकार्ड आणून माझ्यापुढे ठेवलं. मी माझी चूक लिहिली, काही झाकलं नाही. तळाशी दोन ओळींची जागा उरली. तिथं यांनी चष्मा लावून स्वतः लिहिलं –
'पेटीत पाणी आहे, मासे नाहीत. ते तू आण. कधी येतोस, उलट टपाली कळव.'