गळालेला र

साखरा, ता. सेनगाव
२१ डिसेंबर २०२५

प्रिय फरहीन,

मागच्या पत्रात मी लिहिलं की नगरच्या संग्रहालयात आबा रणगाड्यासमोर उभे राहून रडले. ते चूक आहे. रडले हे खरं, पण फाटकाबाहेर. तिथं झाडांना पाणी घालायला आलेला एक साधा टँकर उभा होता, त्याच्यापाशी. ते पत्र मी गेल्या रविवारी दुपारी, प्रवासाहून आल्या आल्या लिहिलं. टँकर काही केल्या वाक्यात बसेना, म्हणून मी आबांना उचलून रणगाड्यासमोर नेलं. त्याच रात्री मला खरं काय ते कळलं, तरी सोमवारी पत्र तसंच पेटीत टाकलं. तू मला शंकाबाई म्हणतेस ना, त्या शंकाबाईला तेव्हापासून धड झोप नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर तू हसून विषय उडवला असतास, आणि मला तेच हवं झालं असतं. शिवाय आबांचा नियम तुला आठवत असेल : चूक लिहून केली तर लिहूनच दुरुस्त करायची.

त्या दिवसांची मला फार आठवण येते गं. शाळेत नाव घालायच्या आधी आबा आपल्या दोघींना ओट्यावर घेऊन बसायचे. तुझी पाटी फुटकी, माझी चौकटीची, आणि तुला चौकटीचीच हवी असायची. शब्दातलं अक्षर गळालं की आबा म्हणायचे, "कुटं गेला गडी? सुट्टीवर? आना त्याला माघारी." मग ते अक्षर दहा वेळा काढायचं. आणि एप्रिल लागला की तुझ्या अब्बांचा टँकर. इब्राहीम चाचांनी वळणावर हॉर्न दिला की बायका घागरी घेऊन विहिरीकडे धावत, आणि त्यांच्याही पुढे आबा. चाचा ओरडायचे, "सोनाजीभाऊ, घागर कुठंय तुमची?" आबांकडे घागर कधीच नसायची. ते सरळ केबिनमध्ये चढून बसायचे, आणि दोघांच्या मधे तू. मला तुझा किती हेवा वाटायचा.

आता नगरला का गेलो ते सांगते. आपल्या शाळेच्या भिंतीवर सव्वीस जानेवारीला आबांच्या नावाची पाटी लागणार आहे. सरपंच उत्तमरावांनी मजकूर, मी नात म्हणून, माझ्याकडून घेतला : 'सोनाजी आबा, १९७१च्या युद्धातील रणगाडा चालक.' मला त्यात रणगाड्याचं नावही बरोबर हवं होतं. आबांना विचारलं की ते ढोरांना पाणी पाजायला निघून जायचे. शेवटी शुक्रवारी रात्रीच्या एसटीनं मीच त्यांना नेलं. शनिवारी वही घेऊन मी प्रत्येक रणगाड्यापाशी थांबत होते. "आबा, हा होता का?" "असंल." "की तो पलीकडचा?" "त्योबी असंल." मला वाटलं, वय झालं. बाहेर आलो तर त्या टँकरचा मागचा कॉक गळत होता. आबांनी पुढं होऊन तो आवळला, बाही कोपरापर्यंत भिजली. ड्रायव्हर ओरडला, "ओ बाबा, भिजाल ना!" आबा तिथंच टाकीला कपाळ टेकवून उभे राहिले. मी आजूबाजूला बघत होते, कुणी पाहतंय का. हेही लिहायला हवं.

रविवारी जेवणं झाल्यावर ते म्हणाले, चल वावरात. त्या रात्री उल्का पडणार हे पेपरात आलं होतं. तुरीच्या कडेला घोंगडी टाकून आम्ही उताणे पडलो. थंडी मरणाची. पहिली उल्का पडली तशी मी वहीत रेघ मारली. आबा म्हणाले, "काहून लिहून राहिली? बघ की नुसतं." एकोणीस मोजल्या मी. मधेच एक लांबलचक गेली, पांढरी, अर्ध्या आभाळावरून. ती विझल्यावर ते बोलले, आभाळाकडेच बघत.

"त्या साली बी ह्याच दिवसांत अशाच पडत होत्या. राजस्थानच्या वाळूत. दिवे लावायचे न्हाई, आवाज करायचा न्हाई. म्या गाडीखाली पडून बघत होतो. टँक न्हाई चालवला म्या, संगे. टँकर. पान्याचा."

फरहीन, त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रात 'मी टँकरवर आहे' असंच लिहिलं होतं. पत्र वाचणाऱ्या गुरुजींनी 'टँकवर आहे' वाचलं. टँकर तेव्हा इथं कुणी पाहिलाच नव्हता, ते पुढच्या वर्षी दुष्काळात आले. आणि रेडिओवर रोज टँकच्या बातम्या. आबा सुट्टीवर आले तर हिंगोली स्टेशनवर हार घेऊन अर्धं गाव. म्हणाले, "येवढ्या लोकांत एक र कुटं शोधत बसू? उद्या सांगू म्हनलं. उद्या उद्या करता चोपन्न सालं झाली." मी म्हटलं, पाणी नेणं काय कमी होतं? तर चिडले. "कमी कोन म्हनलं? लोक पान्यावाचून तडफडले असते. मला लाज त्याची न्हाई."

लाज कशाची, ते तुला ठाऊक आहे. चौथीतला तुझा निबंध. 'आबांनी लढाईत पाण्याचा टँकर चालवला.' ते केबिनमध्ये चाचांना सांगायचे आणि तू मधे बसून ऐकायचीस. मी उठून बाईंना सांगितलं, ही खोटं लिहिते, हिचे अब्बा टँकर चालवतात म्हणून हिला सगळे टँकरवालेच दिसतात. वर्ग हसला. मीच हसवला. आणि सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली बाईंनी तुला आबांची माफी मागायला लावली. तू मागितलीस. आबांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांना वाटलं केवढं मोठं मन. त्या रात्री वावरात ते म्हणाले, "लेकरू खरं बोललं अन् त्यानंच माफी मागितली. म्या गप राह्यलो." त्यानंतर आबा केबिनमध्ये चढले नाहीत. चाचा हॉर्न देत राहिले. तुझ्या अब्बांनी कधी कारण विचारलं नाही, पण ते गेले तोवर त्यांना ते खुपत असेल का, हे मला तुला विचारायचं धाडस नाही.

म्हणून हे पत्र. मी तेव्हा तुला खोटारडी म्हटलं, खोटारडी तू नव्हतीस. मला माफ कर. आबांनीही सोबतच्या वेगळ्या कागदावर माफी लिहिली आहे, चष्मा लावून, स्वतःच्या हातानं. पाटीचं म्हणशील तर पत्रिका छापून झाल्यात, उत्तमराव चिडतील, पोरं आबांना चिडवतील, आणि आबांना रात्रभर खोकला येतोय तो थंडीचाच असेल असं मी स्वतःला समजावते. तरी 'रणगाडा चालक' खोडून 'पाण्याच्या टँकरचे चालक' लिहायला सांगायचं ठरलंय. तू माफ केलंस तर, असं नाही. नाही केलंस तरी. फक्त तो निबंध तुझा होता हे गावासमोर सांगू की नको, एवढं तू कळव. पेंटर पाच जानेवारीला, सोमवारी येणार आहे, म्हणून आबा आणि मी उत्तमरावांच्या घरी जाणार ते त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, चार जानेवारीला.

तुझीच,
संगिता